कॅम्पसवरचा आपत्कालीन मेसेज: बटण कोणाच्या हातात असावं?

पायवाट
सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय आणि तो थोडा लांबणार आहे.

मी एका विद्यापीठात मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर आहे. विद्यापीठाचं नाव इथे घेत नाही. सगळ्या कॅम्पसला मोबाइलवर आपत्कालीन इशारा देणारी यंत्रणा बसवायचं आमच्याकडे चाललंय आणि त्या समितीत माझंही नाव आलंय. बाकीचे सदस्य बहुतेक संगणक विभागाचे. बैठकीत बोलणं होतं ते कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं, मिनिटाला किती मेसेज जातात, अ‍ॅप बरं की एसेमेस, याचंच. माझ्या डोक्यातून मात्र एक रात्र जात नाही.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्रीचे पावणेबारा. दुसऱ्या मजल्यावर विजेच्या पॅनेलमधून धूर यायला लागला. आधी वास आला, जळक्या रबराचा, मग कॉरिडॉरच्या छताला लागून धुराचा पट्टा दिसला. मी वॉचमनला मेन स्विच पाडायला पिटाळलं, अग्निशमन दलाला फोन केला आणि सुरक्षा कार्यालयाला सांगितलं की शेजारच्या इमारतीलाही लगेच कळवा, कारण वायरींचा डक्ट दोन्हींचा एकच आहे. ड्यूटीवरच्या अधिकाऱ्याने वरच्यांना फोन केला. वरच्यांनी मसुदा मागवला. मसुदा गेला, त्यात दुरुस्ती झाली, मग मंजुरी देणाऱ्यांचा फोन लागेना. मेसेज आला १२ वाजून ३७ मिनिटांनी. म्हणजे ५२ मिनिटांनी. तोवर आम्ही दारं बडवून मुलींना खाली आणलं होतं आणि बंबवाल्यांचं काम संपत आलं होतं.

मैदानात माझ्या शेजारी एक मुलगी उभी होती, पायात दोन वेगवेगळ्या चपला. तिने मला फोन दाखवला. स्क्रीनवर एवढंच दिसत होतं: "सर्व संबंधितांना कळविण्यात येते की मा. कुलसचिव यांच्या निर्देशानुसार…" पुढे तीन टिंबं. ती म्हणाली, "मॅडम, हे कशाबद्दल आहे?" ती त्याच धुरातून उतरून आली होती.

कोणाला काही झालं नाही. पण शेजारच्या इमारतीतल्या मुलींना आपल्या भिंतीआड धूर भरत होता हे सकाळी कळलं. त्या रात्री कोणाची तरी झोप कायमची लागली असती, हा विचार मनात आला की अजूनही धस्स होतं.

तर प्रश्न असा. नवी यंत्रणा कितीही वेगवान घेतली तरी ती ५२ मिनिटं कमी होतील का? मेसेज पाठवायचा अधिकार कोणाकडे असावा, आणि शब्द कोणी ठरवावेत? ज्यांनी अशा यंत्रणांवर काम केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. पुढच्या बैठकीला मला मुद्दे घेऊन जायचे आहेत.

रातकिडा
सोमवार, रात्री ११:०५

पायवाटताई, वाचून अंगावर काटा आला. मी मोबाइल नेटवर्कच्या कामात बरीच वर्षं काढली आहेत, तेव्हा आधी तांत्रिक बाजू सांगतो. ती समितीला नीट कळली नाही तर ते चुकीच्या गोष्टीवर पैसे घालतील.

एसेमेस म्हणजे टपाल. प्रत्येकाच्या नावाचं वेगळं पाकीट निघतं आणि रांगेने जातं. समजा तुमच्या गेटवेतून, म्हणजे मेसेज बाहेर सोडणाऱ्या यंत्रणेतून, सेकंदाला २० मेसेज निघतात आणि यादीत १५,००० नंबर आहेत, तर शेवटच्या माणसाचा मेसेज निघेपर्यंत साडेबारा मिनिटं गेलेली असतात. त्यात त्याच वेळी सगळे घरी फोन लावत असले तर नेटवर्क तुंबतं आणि पाकिटं वाटेत थांबून राहतात. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारायचा: पहिला मेसेज कधी निघतो ते राहू दे, शेवटचा कधी पोचतो?

सेल ब्रॉडकास्ट म्हणजे दवंडी. टॉवरने एकदा दिली की त्याच्या टप्प्यातल्या, ती सोय असलेल्या सगळ्या फोनना एकदम ऐकू जाते. नंबरांची यादी लागत नाही, गर्दीचा फरक पडत नाही, पाहुणा असो की विद्यार्थी, फोन वेगळ्याच आवाजात ओरडतो. नेदरलँड्समध्ये आणि अमेरिकेत ही सोय २०१२ पासून आहे. अडचण अशी की ती दवंडी द्यायचा अधिकार बहुतेक देशांत सरकारी यंत्रणांकडे असतो. शिवाय टॉवरचा टप्पा तुमच्या कुंपणापाशी थांबत नाही. एका इमारतीतल्या धुरासाठी अख्खी वस्ती जागी होईल. म्हणून विद्यापीठांना एसेमेस, अ‍ॅप, ईमेल, भोंगे आणि वर्गातले स्पीकर असं सगळं एकत्र बांधावं लागतं. तळघरातल्या प्रयोगशाळेत रेंज नसते, तिथे स्पीकरच कामाचा.

आता तुमच्या त्या तीन टिंबांबद्दल. एका एसेमेसमध्ये १४० बाइट मावतात. रोमन लिपीत त्यात १६० अक्षरं बसतात, देवनागरीत फक्त ७०. आणि ती ७० आपण मोजतो तशी नाहीत. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. 'र्व' हे आपल्याला एक जोडाक्षर, यंत्राला तीन. मी तुमच्या मेसेजचा आरंभ मोजून पाहिला. "सर्व संबंधितांना कळविण्यात येते की" यातच ३४ गेली. "मा. कुलसचिव यांच्या निर्देशानुसार" पर्यंत आलं की ६८. एक अख्खा एसेमेस संपला आणि त्यात आग हा शब्द नाही.

कोरडी_शाई
मंगळवार, सकाळी ७:२०

रातकिडा, हे मोजमाप मी आमच्या ऑफिसात छापून लावणार आहे.

एक भाबडा प्रश्न: एवढं सगळं करण्यापेक्षा व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप आहेतच की. वर्गांचे, वसतिगृहाचे, विभागाचे. तिथे टाकलं तर क्षणात पोचेल ना?

पायवाट
मंगळवार, सकाळी ८:०५

शाई, त्या रात्री आमच्या वसतिगृहाच्या ग्रुपवर मीही टाकला होता मेसेज. नंतर विचारलं तेव्हा कळलं, निम्म्याहून जास्त मुलींनी तो ग्रुप म्यूट केलेला. मेसच्या सूचना, हरवलेल्या किल्ल्या, पाण्याच्या वेळा, सगळं तिथेच येतं, मग म्यूट नाही करणार तर काय. ज्या दारावर रोज दहा वेळा टकटक होते ते रात्री बारा वाजता कोणी उघडत नाही. दुसरं म्हणजे त्याच ग्रुपवर दहा मिनिटांत "सिलिंडर फुटला" असंही आलं. सिलिंडर आमच्या इमारतीत नाहीच. ग्रुपवर खरं आणि खोटं एकाच रंगाच्या चौकोनात येतं.

दवबिंदू
मंगळवार, दुपारी १:१५

ताई, तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो, कारण तो मला तंत्रापेक्षा फार मोठा वाटतो. याचं सगळ्यात जड उदाहरण अमेरिकेतलं व्हर्जिनिया टेक विद्यापीठ.

१६ एप्रिल २००७. सकाळी सव्वासातच्या सुमारास एका वसतिगृहात दोघांना गोळ्या घातल्या गेल्या. पोलिसांना वाटलं, हे दोन माणसांमधलं खाजगी भांडण, हल्लेखोर कॅम्पस सोडून गेला असणार. विद्यापीठाचे वरिष्ठ बैठकीला बसले. सगळ्यांना पहिला ईमेल गेला ९ वाजून २६ मिनिटांनी. त्यात लिहिलं होतं की गोळीबाराची घटना घडली आहे, सावध राहा, संशयास्पद काही दिसलं तर कळवा. दोघांचा जीव गेलाय हे त्यात नव्हतं. नऊचे तास तोवर सुरू झाले होते. सुमारे ९:४० ला तोच हल्लेखोर नॉरिस हॉलमध्ये शिरला आणि तिथे आणखी ३० जण गेले. बंदूकधारी मोकळा आहे, इमारतीतच थांबा, खिडक्यांपासून दूर राहा, असं स्पष्ट सांगणारा ईमेल ९:५० ला आला.

नंतर नेमलेल्या चौकशी समितीच्या अहवालात एक गोष्ट आहे, ती तुमच्या समितीला वाचून दाखवा. विद्यापीठाच्या पोलिसांना स्वतःहून सगळ्या कॅम्पसला इशारा पाठवण्याची सोयच नव्हती. घटनास्थळी उभा असलेला माणूस आणि पाठवण्याचं बटण यांच्यामध्ये एक बैठक होती. तुमच्या रात्री तीच जागा एका न लागणाऱ्या फोनने घेतली.

यानंतर अमेरिकेतला कायदा बदलला. जीन क्लेरी या विद्यार्थिनीचा १९८६ साली लिहाय विद्यापीठातल्या तिच्या वसतिगृहाच्या खोलीत खून झाला होता. तिच्या आईवडिलांनी लावून धरल्यामुळे १९९० मध्ये कॅम्पसवरचे गुन्हे जाहीर करायचा कायदा आला. त्याला २००८ मध्ये जोड मिळाली: आरोग्याला किंवा सुरक्षिततेला तातडीचा धोका आहे याची खात्री झाली की विनाविलंब सगळ्यांना कळवायचं, आणि वर्षातून निदान एकदा यंत्रणेची चाचणी घ्यायची. खात्री कोण करणार, मजकूर कोण ठरवणार, पाठवणार कोण, हे आधीच लिहून ठेवावं लागतं. माझ्या मते या कायद्यातलं सगळ्यात मोलाचं कलम हेच. घटना घडल्यावर "आता कोणाला विचारायचं?" हा प्रश्न उरता कामा नये.

अधिक_उणे
मंगळवार, रात्री ८:३०

मी विद्यापीठाच्या प्रशासनात अठ्ठावीस वर्षं काढून निवृत्त झालोय. दुसरी बाजूही मांडतो, राग मानू नका.

मंजुरी मागणारा माणूस दरवेळी आळशी किंवा भित्रा असतो असं नाही. त्याच्यासमोर अर्धवट माहिती असते. एक फोन येतो, त्यात कोणी म्हणतं गोळी झाडली, नंतर कळतं फटाका होता. तेवढ्यावर हजारो मुलांना घाबरवलं, जिन्यावर चेंगराचेंगरी झाली, तर त्याची जबाबदारी कोणाची? शिवाय खोड्या काढणारे कमी नाहीत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत ओळीने काही विद्यापीठांत गोळीबाराचे खोटे फोन आले, इशारे गेले, मुलं टेबलाखाली लपली. आणि अमेरिकेतल्या हवाई राज्याचं प्रकरण तर सगळ्यांना माहीत आहे. १३ जानेवारी २०१८ ला सकाळी ८:०७ वाजता अख्ख्या राज्याच्या फोनवर मेसेज आला की क्षेपणास्त्र येतंय, आसरा शोधा, हा सराव नव्हे. काहीही आलं नव्हतं. लोकांनी मुलांना कुशीत घेऊन घरच्यांना शेवटचे फोन केले. एका माणसाच्या हाती बटण दिलं की हे होतं.

दवबिंदू
मंगळवार, रात्री ९:५०

काका, राग कसला. तुमची भीती खरी आहे. पण हवाईचं प्रकरण पुढे वाचलं की ते वेगळंच शिकवतं. इशारा खोटा आहे हे तिथल्या कर्मचाऱ्यांना काही मिनिटांतच कळलं होतं. तरी "खोटा इशारा होता" हा मेसेज फोनवर यायला ३८ मिनिटं लागली. का? तर मागे घेण्याचा मजकूर यंत्रणेत तयारच नव्हता, आणि तो पाठवायला परवानगी लागते का यावर विचारविनिमय चालला होता. इशारा एका क्लिकवर आणि दिलासा मात्र मंजुरीच्या रांगेत. नंतर त्यांनी दोन गोष्टी केल्या: पाठवायला दोन माणसं लागतील असं केलं, आणि रद्द करण्याचा मेसेज आधीच लिहून ठेवला. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला यातच दिसतं.

चेंगराचेंगरीबद्दल. धोक्याच्या इशाऱ्यांवर डेनिस मिलेटी आणि जॉन सोरेन्सन यांनी आयुष्यभर काम केलं. त्यांचं १९९० चं संकलन या विषयात पायाभूत मानलं जातं. त्यातलं निरीक्षण असं की इशारा मिळाल्यावर माणसं सैरावैरा पळत सुटतात असं सहसा होत नाही. ती उलट थांबतात. शेजाऱ्याला विचारतात, दुसरीकडे खात्री करतात, आपल्या माणसाला फोन लावतात, आणि मग हलतात. म्हणजे मौल्यवान मिनिटं खात्री करण्यात जातात. मेसेज मोघम असेल तर आणखी जातात. म्हणून त्यांनी सांगितलं की मेसेजमध्ये पाच गोष्टी हव्यात: कोण सांगतंय, काय धोका आहे, कुठे, काय करायचं, आणि कधी किंवा किती वेळ. व्हर्जिनिया टेकच्या ९:२६ च्या ईमेलमध्ये 'काय करायचं' ही जागा जवळजवळ रिकामी होती.

रातकिडा
मंगळवार, रात्री १०:३०

अधिक_उणे काका, तुमच्या प्रश्नाला एक तांत्रिक जोड. इशाऱ्यांची देवाणघेवाण करायला कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल नावाचं एक जागतिक मानक आहे, २००४ मध्ये आलं. त्यात प्रत्येक इशाऱ्याला तीन वेगळ्या पट्ट्यांवर मोजतात: तातडी किती, तीव्रता किती, खात्री किती. हे तीन वेगळे ठेवले की डोकं साफ होतं. आपण बहुतेक वेळा खात्रीवर अडून बसतो. पण तातडी आणि तीव्रता दोन्ही टोकाला असतील तर कमी खात्रीवरही बोलायला हवं, आणि मेसेजमध्येच सांगता येतं की माहिती अजून तपासतोय. उद्याचं वादळ, परवाची पाणीकपात, यांना वेळ आहे. ते खुशाल नेहमीच्या मार्गाने जाऊ द्यात.

अधिक_उणे
बुधवार, सकाळी ६:४५

रात्री विचार करत होतो. रातकिडा यांचा मुद्दा पटला. माझं म्हणणं मग असं: धूर, वायुगळती, हल्लेखोर, इमारत कोसळणं, एवढ्यासाठी ड्यूटीवरच्या सुरक्षा अधिकाऱ्याला वर न विचारता पाठवू द्यावं. दुसऱ्या माणसाची अट ठेवायची तर तो दुसरा त्याच खोलीत, त्याच पाळीवर बसलेला असावा. घरी झोपलेला नसावा. आणि महत्त्वाचं: चुकून खोटा इशारा गेला आणि तो सद्भावनेने पाठवलेला असला, तर त्या माणसावर कारवाई होणार नाही हे लेखी द्या. मी तुम्हाला अनुभवाने सांगतो, हे लेखी नसेल तर अधिकार कागदावर राहील आणि माणूस आधी फोनच लावेल. माझ्या हाताखालची चांगली माणसंसुद्धा तसंच करायची. कारण चुकलं तर नोटीस त्यांच्या नावाने निघायची, माझ्या नव्हे.

पायवाट
बुधवार, सकाळी ७:३०

काका, हे शेवटचं वाक्य मी बैठकीत जसंच्या तसं वाचणार आहे. त्या रात्रीचा ड्यूटी अधिकारी मला नंतर भेटला होता. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. म्हणाला, "मॅडम, माझ्याकडे पासवर्ड होता. हिंमत नव्हती." मी त्याला दोष देऊ शकले नाही.

शांतरव
बुधवार, सकाळी ११:१०

मी पदव्युत्तर विद्यार्थी आहे. ऐकू येत नाही. वरच्या सगळ्या चर्चेत भोंगे आणि स्पीकर आले, म्हणून लिहितोय.

आमच्याकडे सरावाच्या दिवशी भोंगा वाजला तेव्हा मी वाचनालयात शेवटच्या रांगेत होतो. मान वर केली तर सगळ्या खुर्च्या रिकाम्या. समोरच्या टेबलावर कोणाचा तरी चष्मा राहिला होता, उघडं पुस्तक होतं. फोनवर काही आलं नव्हतं, कारण सरावात फक्त भोंगाच तपासायचा होता. तो सराव होता म्हणून ठीक.

माझ्यासाठी फोनचं थरथरणं हाच भोंगा. रात्री मी फोन उशीखाली ठेवून झोपतो. पण साधा एसेमेस आला तर तो एकदाच थरथरतो, त्याने जाग येत नाही. अ‍ॅप घेणार असाल तर फोन शांत मोडवर असतानाही वाजेल आणि थरथरत राहील अशी परवानगी त्या अ‍ॅपला मिळालेली आहे का ते विचारा. अ‍ॅपलने २०१८ पासून ती सोय दिली आहे, पण ती अ‍ॅप बनवणाऱ्याने मागून घ्यावी लागते. आणि कॉरिडॉरमध्ये लुकलुकणारे दिवे बसवा.

माझ्या एका मित्राला दिसत नाही. त्याची तक्रार वेगळी: विद्यापीठ सूचनेचं पत्रक स्कॅन करून फोटो पाठवतं. त्याचा फोन वाचून दाखवतो, "चित्र". एवढंच. आग लागली आणि फोन म्हणाला "चित्र".

मोहर
बुधवार, दुपारी ३:००

शांतरव, तू लिहिलंस म्हणून फार बरं झालं.

मी आई म्हणून लिहितेय. मुलगी परगावी शिकते. इशारा गेल्यानंतरच्या वेळाबद्दल कोणी बोलतच नाही. पहिला मेसेज येतो "आत थांबा", आणि पुढे तासन्तास शांतता. २८ ऑगस्ट २०२३ ला नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपल हिलमध्ये एका प्राध्यापकाची गोळी घालून हत्या झाली. तिथे पहिला इशारा फोन आल्यापासून दोनएक मिनिटांत गेला होता, म्हणजे वेगाबद्दल बोलायला जागा नाही. पण मुलं तीन तासांहून जास्त वेळ बंद दाराआड बसून होती. दोन दिवसांनी विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राने पहिलं पान फक्त त्या वेळात आलेल्या-गेलेल्या मेसेजनी भरून काढलं. मी ते पान पाहिलं होतं. कुठे आहेस, ठीक आहेस का, उत्तर दे, हेच पुन्हा पुन्हा. मला ते पूर्ण वाचवलं नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. दर पंधरा-वीस मिनिटांनी एक मेसेज येऊ द्या, नवीन काही नसलं तरी. "अजून आतच थांबा, शोध चालू आहे" एवढं आलं तरी माणूस दार उघडून बघायला जात नाही. आणि पालकांसाठी वेगळी सोय ठेवा, नाहीतर आम्ही सगळे मुलांना एकाच वेळी फोन लावतो. लपलेल्या मुलाचा फोन वाजणं किती वाईट, हे मला ते पान बघेपर्यंत सुचलंही नव्हतं.

रातकिडा
बुधवार, रात्री ९:००

मोहरताईंचं शंभर टक्के बरोबर. 'धोका टळला' हा मेसेजही आधी लिहून ठेवा, तो लोक विसरतात.

एक शेवटचा मुद्दा, यादीचा. नाव नोंदवा म्हटलं की थोडेच नोंदवतात. प्रवेश अर्जावरचा नंबर आपोआप यादीत गेला पाहिजे. ज्याला नको त्याने काढून घ्यावा. दर सत्राच्या सुरुवातीला नंबर तोच आहे ना हे विचारा, मुलं सिम बदलतात. आणि यादी फक्त विद्यार्थी आणि पगारपत्रकावरच्या लोकांची नको. कॅन्टीनमधली मुलं, सफाईच्या बायका, कंत्राटी रक्षक, माळी, बांधकामावरचे मजूर, हे सगळे दिवसभर कॅम्पसवर असतात.

पायवाट
गुरुवार, रात्री १०:१५

मंडळी, तुमचे मुद्दे घेऊन मी एक टिपण केलंय. मेसेजही लिहून पाहिले. आगीचा हा:

"आग. वसतिगृह ३. जिन्याने खाली या. लिफ्ट नको. मैदानावर थांबा."

रातकिडा यांच्या पद्धतीने मोजला, ५९ भरतात. कोण सांगतंय ते पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी विद्यापीठाचं नाव येईलच. शेजारच्या इमारतीसाठी वेगळा लिहिलाय, कारण त्यांना धूर दिसत नाही आणि त्या मुली "वसतिगृह ३" वाचून पुन्हा कुशीवर वळतील.

रातकिडा
गुरुवार, रात्री १०:४०

उत्तम. फक्त "मैदानावर" च्या जागी मैदानाचं नाव किंवा दिशा घाला, दोन मैदानं असतील तर निम्म्या इकडे निम्म्या तिकडे होतील. ११ अक्षरं शिल्लक आहेत तुमच्याकडे.

शांतरव
गुरुवार, रात्री ११:०२

"मागच्या मैदानावर" लिहा. "मागच्या" आणि पुढची मोकळी जागा धरून आठ होतात. बसेल.

पायवाट
पंधरा दिवसांनंतर, शनिवार, संध्याकाळी ६:२०

धागा वर काढतेय.

बैठक झाली. आग, वायुगळती, हल्लेखोर आणि इमारतीला धोका या चार बाबतींत ड्यूटीवरचा सुरक्षा अधिकारी आणि नियंत्रण कक्षातला दुसरा माणूस मिळून पाठवतील, वर फोन नाही. अधिक_उणे काकांचं सद्भावनेचं कलम सगळ्यात जास्त वेळ चर्चेत राहिलं, पण लेखी आलं. चौदा मजकूर तयार आहेत, त्यातले चार 'धोका टळला' आणि 'इशारा मागे' यांचे. फोटो पाठवायचा नाही हेही लिहून घेतलंय. कॉरिडॉरमधल्या दिव्यांचं अजून अडलंय, त्याचा पाठपुरावा मी सोडणार नाही, शांतरव.

काल सकाळी अकराला चाचणी झाली. मी मुद्दाम वसतिगृहाच्या दारात उभी राहिले. आधी मेसमधल्या दोघींचे फोन वाजले, मग वरून जिन्यातून आवाज यायला लागले, एकामागून एक. माझा फोन १ मिनिट २० सेकंदांनी वाजला. शेवटचा साडेसहा मिनिटांनी, तिसऱ्या मजल्यावरच्या एका मुलीचा. तेवढा उशीर का, ते विक्रेत्याला विचारलंय.

आमच्या वॉचमनचा वाजलाच नाही. त्या रात्री धुरातून जाऊन मेन स्विच पाडणारा हाच. त्याचा नंबर ठेकेदाराच्या वहीत आहे, विद्यापीठाच्या यादीत नाही. ठेकेदाराकडून सगळ्या रक्षकांची यादी सोमवारपर्यंत मागवलीय. त्याचा नंबर मात्र मी कालच हाताने टाकून घेतला आणि त्याच्यासमोर उभं राहून एकट्याला चाचणीचा मेसेज पाठवायला लावला. वाजला.